पेशी शेवटी मधून कापतं कोण? कांद्याचं मूळ आणि कणकेचा गोळा घेऊन पाच दिवसांत समजून घ्या

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी अकरावी-बारावीच्या आणि बीएस्सीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते. मागे एकदा मायटोसिस (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होतात ते विभाजन) संपवून वही मिटणार तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "ताई, क्रोमोसोम दोन बाजूंना गेले, न्यूक्लियस दोन झाले, ते सगळं कळलं, पण मधून कापतं कोण?" तिच्या नोट्समध्ये त्या जागी एकच ओळ होती, 'त्यानंतर सायटोप्लाझमचे विभाजन होते'. मी कॉलेजला होते तेव्हा आम्हालाही तेवढीच ओळ मिळाली होती आणि परीक्षेत तेवढी लिहिली की मार्क मिळायचे, त्यामुळे कोणी पुढे विचारलंच नाही. पण खरं सांगते, पूर्ण पेशीविभाजनातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे, सायटोकायनेसिस, म्हणजे न्यूक्लियस दोन झाल्यावर अख्खी पेशी दोन होणं, आणि तो एका ओळीत संपवणं म्हणजे लग्नाला जाऊन अक्षता पडायच्या आधी परत येण्यासारखं आहे.

खाली जे लिहितेय ते मी मुलांकडून करून घेते तसंच लिहितेय, सोमवार ते शुक्रवार. हाताने करायचं काम रोज थोडंच आहे, मधल्या वेळात प्रोटीन्सची गोष्ट समजून घ्यायची. एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात पक्की बसवा: न्यूक्लियसचे दोन भाग होणं आणि पेशीचे दोन भाग होणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती करणारी प्रोटीन्स बरीचशी वेगळी आहेत, आणि एक होऊन दुसरं न होणं अगदी शक्य आहे. शुक्रवारी हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आहात.

सोमवार संध्याकाळ: कांदे पाण्यावर ठेवा

खंडेराव मार्केटमधून किंवा तुमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याकडून मध्यम आकाराचे चार-पाच कांदे आणा (इथे डुंगळी म्हणूनच मागावे लागतात). ओला, पातीचा कांदा नको, वाळलेला साठवणीतला हवा, आणि खालची चकती घट्ट असायला हवी, मऊ किंवा काळी पडलेली नको. चकतीवरची जुनी सुकलेली मुळं ब्लेडने अलगद खरवडून काढा, पण खोल जाऊ नका, नवीन मुळं तिथूनच येणार असतात. तोंडाशी कांदा बसेल अशा काचेच्या बाटल्या किंवा छोटे ग्लास घ्या, पाणी काठोकाठ भरा आणि फक्त चकती पाण्याला टेकेल असा कांदा ठेवा. कांदा अर्धा बुडवलात तर सडतो. रोज सकाळी पाणी बदला, आणि आपल्या वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा बदला, नाहीतर दुसऱ्याच दिवशी वास येतो. उजेडातल्या खिडकीत पण थेट उन्हात नको. चार-पाच ठेवायचे कारण त्यातला एखादा तरी मुळं सोडत नाहीच.

मंगळवार: घड्याळ कोण बघतं ते समजून घ्या

मुळं येईपर्यंत वेळ आहे, तर आधी वेळेचा प्रश्न. पेशीला कळतं कसं की आता कापायचं? क्रोमोसोम अजून मध्ये रांगेत उभे असताना कापलं तर सगळंच गेलं, एका पेशीत जास्त, दुसरीत कमी.

इथे मुख्य मालक आहे सीडीके१ नावाचं एन्झाइम. ते एकटं काम करत नाही, त्याला सायक्लिन बी नावाचा जोडीदार लागतो. टिम हंट यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होलला सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांवर काम करताना पाहिलं की एक प्रोटीन साठत जातं आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसं होतं, पुन्हा साठतं, पुन्हा नाहीसं होतं, म्हणून नाव सायक्लिन. २००१ चं मेडिसिनचं नोबेल त्यांना, पॉल नर्स यांना आणि लेलँड हार्टवेल यांना मिळून मिळालं. सीडीके१ आणि सायक्लिन बी एकत्र असतात तोपर्यंत ते इतर प्रोटीन्सना फॉस्फेट चिकटवत राहतात, आणि त्यातली जी कापायच्या कामाची आहेत ती त्या फॉस्फेटमुळे अडून बसतात. म्हणजे कामगार सगळे हजर आहेत पण हातात कुलूप आहे.

मग सगळे क्रोमोसोम दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांना (या दोऱ्या म्हणजे मायक्रोट्युब्यूल, प्रोटीनच्या बारीक नळ्या) नीट जोडले गेले की एपीसी नावाचा प्रोटीन्सचा मोठा गट जागा होतो आणि सायक्लिन बीवर युबिक्विटिन या छोट्या प्रोटीनचा शिक्का मारतो. शिक्का बसलेलं प्रोटीन प्रोटिअझोममध्ये, म्हणजे पेशीच्या प्रोटीन मोडायच्या यंत्रात, जाऊन तुकडे-तुकडे होतं, आणि जोडीदार गेला की सीडीके१ बंद पडतं. तेच एपीसी सिक्युरिनवरही शिक्का मारतं, सिक्युरिनने अडवून धरलेलं सेपरेझ हे एन्झाइम त्यामुळे मोकळं होतं आणि क्रोमोसोमच्या जोड्या धरून ठेवणारी कोहेसिनची कडी कापतं. बघा किती नेटकं आहे, ज्या एका शिक्क्याने क्रोमोसोम सुटे होतात त्याच शिक्क्याने मालकही बंद पडतो, त्यामुळे कापायचं काम क्रोमोसोम सुटायच्या आधी सुरू होऊच शकत नाही. वहीत एक आडवी रेघ मारा, वर 'सीडीके१ चालू' खाली 'सीडीके१ बंद' असं लिहा, आणि यापुढची सगळी प्रोटीन्स त्या रेघेच्या खाली लिहायची. माझी मुलं इथेच सगळ्यात जास्त चुकतात, नावं पाठ असतात पण रेघ माहीत नसते.

बुधवार: जागा कोण ठरवतं आणि ओढतं कोण

बुधवारी मुळं साधारण एक-दीड सेंटीमीटर झालेली दिसतील, पांढरी, दोऱ्यासारखी. आज हात लावू नका, फक्त पाणी बदला.

आजचा प्रश्न जागेचा. आधी प्राण्यांच्या पेशीचं बघू. क्रोमोसोम दूर गेल्यावर मध्ये रिकाम्या जागेत मायक्रोट्युब्यूल, म्हणजे कालच्याच दोऱ्या, उरलेले असतात, दोन्हीकडून आलेले, एकमेकांत शिरलेले. कुलूप निघाल्याबरोबर पीआरसी१ नावाचं प्रोटीन त्यांची टोकं एकत्र बांधून जुडी करतं, मेथीची जुडी बांधतात तशी. त्या जुडीच्या मधोमध सेंट्रलस्पिंडलिन येऊन बसतं, हे म्हणजे एमकेएलपी१ आणि सीवायके४ या दोन प्रोटीन्सची प्रत्येकी एक जोडी. मग पीएलके१ हे दुसरं एन्झाइम सीवायके४ वर फॉस्फेट लावतं आणि त्या फॉस्फेटला येऊन चिकटतं एक्ट२. आता एक्ट२ काय करतं? पेशीच्या कडेच्या पडद्याखाली बरोबर मधल्या पट्ट्यात रो-ए नावाचं छोटंसं प्रोटीन चालू करतं. रो-एला जीडीपी नावाचा छोटा रेणू चिकटलेला असला की ते बंद, त्याच्या जागी जीटीपी हा रेणू चिकटला की चालू, आणि ती अदलाबदल एक्ट२ घडवून आणतं. पट्टा अगदी अरुंद असतो, पूर्ण पडद्यावर रो-ए चालू झालं तर पेशी सगळीकडूनच आवळायला लागेल.

म्हणजे जागा ठरवतात त्या दोऱ्या, क्रोमोसोम नव्हे. हे सिद्ध करणारा प्रयोग मला फार आवडतो म्हणून सांगतेच. १९६१ साली रे रॅपापोर्ट यांनी सँड डॉलर या समुद्री प्राण्याच्या अंड्यावर काचेचा बारीक गोळा दाबला आणि अंड्याला मेदूवड्यासारखा आकार दिला. पहिल्या विभाजनात एकाच बाजूला खाच पडली त्यामुळे ती पेशी घोड्याच्या नालासारखी एकच राहिली, आत न्यूक्लियस दोन. दुसऱ्या विभाजनाच्या वेळी दोन्ही न्यूक्लियसच्या दोऱ्यांच्या जागी तर खाच पडलीच, पण वाकलेल्या भागात जिथे शेजारच्या दोऱ्यांचे दोन तारे (ताऱ्याच्या किरणांसारखे पसरलेले झुबके) समोरासमोर आले आणि मध्ये एकही क्रोमोसोम नव्हता तिथेही खाच पडली! साधा काचेचा गोळा आणि एवढं मोठं उत्तर.

रो-ए चालू झालं की दोन कामं एकाच वेळी होतात. एक म्हणजे फॉर्मिन नावाचं प्रोटीन ॲक्टिनच्या लांब तारा विणायला लागतं, आणि दुसरं रॉक नावाचं एन्झाइम मायोसिन-२ ला फॉस्फेट लावून कामाला लावतं. मायोसिन म्हणजे आपल्या स्नायूंत असतं त्याच घराण्यातलं. मायोसिन ॲक्टिनच्या तारा ओढतं, तारा एकमेकांवर सरकतात आणि पेशीच्या कंबरेभोवतीचं कडं लहान लहान होत जातं. १९७७ मध्ये माबुची आणि ओकुनो यांनी स्टारफिशच्या अंड्यात मायोसिनविरुद्धची अँटिबॉडी टोचली, तर न्यूक्लियस वाटले गेले पण पेशी काही कापली गेली नाही. दोन कामं वेगळी आहेत असं मी सुरुवातीला म्हटलं ना, ते हेच. आणि अनिलिन नावाचं एक प्रोटीन आहे ज्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, ते ॲक्टिन, मायोसिन, सेप्टिन, रो-ए आणि पडदा या सगळ्यांना एकत्र धरून ठेवतं, ते नसेल तर कडं एका जागी टिकत नाही, इकडेतिकडे सरकतं.

बुधवारी रात्री: कणकेचा प्रयोग

रात्री पोळ्यांची कणीक मळली जाते तेव्हा स्वयंपाकघरात जा आणि आई गोळे कसे तोडते ते नीट बघा. मूठभर कणीक घेऊन लांबट करते, अंगठा आणि पहिलं बोट यांचं कडं करून मधून आवळते, मान बारीक होते, आणि मग एक छोटा पीळ देऊन तोडते. आता तेच तुम्ही हळू करा. लांबट गोळ्यात आधी एक रंगीत दोरा आडवा घालून ठेवा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. बोटांचं कडं आवळत न्या, मान पेन्सिलच्या शिशाएवढी झाली की थांबा आणि बोटं काढा.

तुटलं का? नाही. कितीही आवळलं तरी मधे एक बारीक पूल उरतोच, आणि खऱ्या पेशीतही अगदी असंच होतं. कडं आवळायचं काम काही मिनिटांत संपतं आणि मग दोन पेशी साधारण एक-दीड मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) जाडीच्या पुलाने जोडलेल्या राहतात, प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या हेला पेशींत शेवटचा काप पडायला त्यानंतर तास-दीड तास तरी जातो. त्या पुलाच्या मधोमध एक गडद ठिपका असतो, मिडबॉडी, तो वॉल्टर फ्लेमिंग यांनी एकोणिसाव्या शतकातच पाहून ठेवला होता. फक्त एक फरक लक्षात ठेवा, आपण कणीक बाहेरून दाबतो, पेशीतलं कडं पडद्याच्या आतल्या बाजूला शिवलेलं असतं आणि आतून ओढतं, आजीच्या बटव्याची नाडी कशी कापडाच्या आतून जाते तशी.

आता कापतं कोण, त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. मिडबॉडीवर सीईपी५५ नावाचं प्रोटीन येऊन बसतं. ते लवकर येऊ नये म्हणून पीएलके१ त्याला अडवून धरतं, कडं आवळून झालं आणि पीएलके१ नष्ट झालं की मगच ते येतं. म्हणजे बघा, ज्या पीएलके१ ने कडं बसवायला मदत केली तेच जाईपर्यंत कात्री येऊ शकत नाही, क्रम चुकायला वावच नाही. सीईपी५५ मग टीएसजी१०१ आणि ॲलिक्स यांना बोलावतं, ते बोलावतात एस्कॉर्ट-३ ला, आणि एस्कॉर्ट-३ ची प्रोटीन्स एकापुढे एक जोडत पुलाच्या आतून स्प्रिंगसारखी वळी करतात. स्पास्टिन मधले मायक्रोट्युब्यूल तोडून टाकतं, व्हीपीएस४ एटीपीची ऊर्जा वापरून ती वळी बदलत राहतं, मान आणखी बारीक होते आणि पडदा मिडबॉडीच्या एका बाजूला तुटतो, बऱ्याचदा नंतर दुसऱ्या बाजूलाही. एचआयव्हीचा व्हायरस पेशीतून बाहेर पडताना हीच मंडळी वापरतो, टीएसजी१०१ आणि ॲलिक्सच, कारण त्यालाही पडद्याची मान आतूनच तोडायची असते.

आणि तुमच्या कणकेतला दोरा? तो पुलातून आरपार गेलेला दिसतोय ना. पेशीतही कधी कधी एखाद्या क्रोमोसोमचं टोक मागे राहून पुलात अडकतं. तेव्हा ऑरोरा बी नावाचं एन्झाइम चालू राहतं, सीएचएमपी४सी या एस्कॉर्ट-३ च्याच एका प्रोटीनवर फॉस्फेट लावतं आणि कात्रीला थांबायला सांगतं. टोक निघून गेलं की ऑरोरा बी शांत होतं आणि मग काप पडतो. दोरा हळूच ओढून काढा आणि मगच नखाने मान तोडा, एकदा असं केलंत की हा चेकपॉइंट परत पाठ करायची गरज पडत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने दोरा न काढता तोडून पाहिलं तर अर्धा दोरा एका गोळ्यात फाटलेल्या टोकासकट लटकत राहिला, तो वर्गात सगळ्यांना फिरवून दाखवला, फळ्यावरच्या कुठल्याही आकृतीपेक्षा चांगलं कळलं सगळ्यांना.

गुरुवार सकाळ: कॅफीन आणि फिक्सिंग, हे कॉलेजच्या लॅबमध्येच

मुळं दोन-तीन सेंटीमीटर झाली की कांदे लॅबमध्ये न्या. पुढची केमिकल्स घरी हाताळू नका, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडने हात भाजतो आणि अल्कोहोल पेट घेतं, सरांना किंवा मॅडमना विचारून हातमोजे घालून करा.

एक कांदा साध्या पाण्यावरच ठेवा. दुसरा ०.१ टक्का कॅफीनच्या पाण्यावर एक तास ठेवा, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात ०.१ ग्रॅम शुद्ध कॅफीन. कॉफी नको, तिच्यात शंभर इतर गोष्टी असतात. तास झाला की दोन्हीची मुळं एकाच वेळी कापा, टोकाकडचा पाच मिलिमीटरचा भाग घ्या, आणि वेगवेगळ्या बाटल्यांत ॲसेटो-अल्कोहोलमध्ये टाका, एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणि तीन भाग अल्कोहोल, ताजं मिसळलेलं. हेच फिक्सिंग, पेशी ज्या टप्प्यावर असतात तिथेच थांबतात. बाटल्यांवर पेन्सिलीने लिहा, पेनची शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते. चोवीस तास तसंच राहू द्या. लगेच वापरायचं नसेल तर नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, बरेच दिवस टिकतं.

आता हे नीट वाचा कारण परीक्षेत इथे गोंधळ होतो. कांद्याच्या पेशीत बुधवारी शिकलेलं आवळणारं कडं नसतं. भोवती कडक भिंत आहे, आवळणार काय? तिथे उलटं होतं, भिंत मधून सुरू होऊन बाहेरच्या बाजूला वाढत जाते. उरलेले मायक्रोट्युब्यूल मिळून फ्रॅग्मोप्लास्ट बनतं, आणि इथेही त्यांना बांधणारं एमएपी६५ हे पीआरसी१ चंच नातलग आहे. गॉल्जीकडून (पेशीतलं माल भरून पाठवायचं केंद्र) छोट्या पिशव्या त्या दोऱ्यांवरून मध्यावर येतात, एकमेकींत मिसळतात आणि सेल प्लेट तयार होते, भिंतीचा माल म्हणून आधी कॅलोज मग हळूहळू सेल्युलोज. पिशव्या मिसळवायला नोल नावाचं प्रोटीन लागतं, अरॅबिडॉप्सिस या छोट्या झाडात ते बिघडलं तर अर्धवट भिंतींच्या आणि एकापेक्षा जास्त न्यूक्लियसच्या पेशी दिसतात. कॅफीन नेमकं याच टप्प्यावर अडथळा आणतं, प्लेट सुरू होते पण घट्ट होत नाही, विरून जाते. प्राणी आणि वनस्पती यांचे हे दोन रस्ते एकाच उत्तरात मिसळू नका, आकृती काढताना तर नक्कीच नाही.

शुक्रवार: स्लाइड

मूळ पाण्यात धुऊन घ्या. स्लाइडवर ठेवा, टोकाचा दोन-तीन मिलिमीटर भाग, जो थोडा जास्त अपारदर्शक दिसतो, तेवढाच ठेवून बाकीचा ब्लेडने कापून टाका. सगळं विभाजन त्या टोकातच चालतं, वरचा भाग ठेवलात तर नुसत्या लांब झालेल्या पेशी दिसतील. एक थेंब एन/१० (म्हणजे पातळ केलेलं) हायड्रोक्लोरिक ॲसिड, दोन-तीन थेंब ॲसेटोकार्माइन (क्रोमोसोम लाल करणारा रंग), आणि स्पिरिट लँपवर वरच्यावर गरम करा, पाच ते दहा मिनिटं थांबत थांबत. उकळू द्यायचं नाही आणि सुकूही द्यायचं नाही. स्लाइड हाताच्या मागच्या बाजूला लावून बघायची, सोसेल एवढीच गरम. माझी कॉलेजमधली पहिली स्लाइड इथेच करपली होती आणि दुसरं मूळ मिळालं नाही, पूर्ण प्रॅक्टिकल मी शेजारणीच्या मायक्रोस्कोपमधून बघितलं, म्हणून मुलांना मी नेहमी तीन-चार मुळं फिक्स करायला लावते.

जास्तीचा रंग ब्लॉटिंग पेपरने टिपा, एक थेंब पाणी, वर कव्हरस्लिप. पेन्सिलच्या मागच्या टोकाने हळू हळू ठोका, मूळ ढगासारखं पसरताना दिसतं. मग ब्लॉटिंग पेपरच्या घडीत ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा, अंगठा बाजूला सरकला तर पेशी गुंडाळल्या जातात.

आधी दहाच्या लेन्सखाली दाट लाल न्यूक्लियस असलेल्या चौकोनी पेशींचा भाग शोधा, मग चाळीसवर जा. साध्या पाण्याच्या स्लाइडमध्ये दोन लहान, गोळा झालेले न्यूक्लियस एकाच पेशीच्या दोन बाजूंना शोधा. आता डायफ्रॅम थोडा बंद करून उजेड कमी करा. रंग क्रोमोसोमला लागतो, प्लेटला लागत नाही, म्हणून भरपूर उजेडात ती दिसतच नाही आणि मुलं म्हणतात नाहीच आहे. उजेड कमी केला आणि फाइन फोकस किंचित मागेपुढे केला की दोन न्यूक्लियसच्या मध्ये एक फिकट रेघ उमटते. काही पेशींत ती कडेपर्यंत पोचलेली नसते, मध्येच थांबलेली असते, दोन्ही टोकं मोकळी. तीच बघायची, वाढत असताना पकडलेली सेल प्लेट. असं दिसलं की शेजारच्याला बोलवा, लेन्स हलवायच्या आधी वहीत काढून घ्या.

मग कॅफीनची स्लाइड लावा. शंभर-दोनशे पेशी मोजा आणि एकाच भिंतीच्या आत दोन पूर्ण न्यूक्लियस असलेल्या किती दिसतात ते लिहा, तसंच साध्या स्लाइडचंही लिहा. शेजारी-शेजारी दोन पेशी असतील तर मध्ये भिंत असते, म्हणून डायफ्रॅम परत कमी करून खात्री केल्याशिवाय मोजू नका. दोन न्यूक्लियसची पेशी म्हणजे सीडीके१ वेळेवर बंद पडलं, क्रोमोसोम वाटले गेले, न्यूक्लियस पुन्हा बांधले गेले, आणि फक्त शेवटचं काम राहिलं. आपल्या लिव्हरमध्येही दोन न्यूक्लियसच्या पेशी असतात आणि त्या आजारी नसतात. पण नको तिथे अशी पेशी पुढच्या विभाजनाला गेली तर तिच्याकडे दुप्पट क्रोमोसोम आणि जास्तीचे सेंट्रोसोम (दोऱ्या जिथून निघतात ती केंद्रं) असतात, वाटणी चुकायला लागते, आणि कॅन्सरवर काम करणारे लोक सायटोकायनेसिसकडे एवढं लक्ष देतात त्याचं एक कारण हे आहे.

स्लाइड दोन-चार दिवस ठेवायची असेल तर कव्हरस्लिपच्या चारही कडांना पारदर्शक नेलपॉलिश लावा आणि आडवीच ठेवा. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने कॅफीनच्या स्लाइडमध्ये पहिली दोन न्यूक्लियसची पेशी शोधली तेव्हा ती बराच वेळ डोळा न काढता बघत बसली होती, मग म्हणाली, "ताई, हिला कापायलाच कोणी आलं नाही."